अर्ध्या मिलिमीटरचा शोध

न्यू जर्सीत खासगी मोटारीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. २०१० पासून या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर पाहत नाहीत. पाहतात ते फक्त प्रदूषण. १९९६ नंतरच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तपासनीस त्यात वायर खोचतो आणि गाडीच्या संगणकाने काय नोंदवलंय ते वाचून घेतो. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला असला की गाडी नापास.

आमच्या जुन्या सेडानचा हा दिवा लागला तेव्हा तपासणीची मुदत अगदी जवळ आली होती. गाडी चालायला उत्तम होती. पिकअप, मायलेज, आवाज, कशातच फरक नव्हता. स्कॅनर लावला तर कोड आला पी०४५६. म्हणजे पेट्रोलची वाफ कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेत अतिशय बारीक गळती. पुढच्या सत्रापासून ही गाडी मुलगी कॉलेजला नेणार होती, त्यामुळे तात्पुरता दिवा विझवून भागणार नव्हतं. एका वर्कशॉपने कोड वाचला आणि लगेच कोळशाचा डबा, म्हणजे चारकोल कॅनिस्टर, बदलायचा खर्च सांगितला. मी विचारलं, गळती कॅनिस्टरलाच आहे हे कशावरून? तर म्हणाले, या कोडला सहसा तोच बदलतात. एवढ्या आधारावर काही शे डॉलर घालायची माझी तयारी नव्हती. सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करताना आमच्या वर्कशॉपच्या सरांनी एक शिस्त लावली होती: आधी मोजायचं, मग खोलायचं, आणि बदलायचं ते सगळ्यात शेवटी. त्या शिस्तीनेच या गाडीचा दोष शोधायचा असं मी ठरवलं.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. दुपारच्या उन्हात उभ्या गाडीची टाकी तापते, वाफ वाढते, दाब चढतो. रात्री टाकी गार झाली की तीच बाहेरची हवा आत ओढते. जुन्या गाड्यांत ही वाफ सरळ हवेत जायची. १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसवर जे डोळे चुरचुरवणारं धुरकं साचायचं, त्याचं कोडं कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मित या मूळच्या डच शास्त्रज्ञाने सोडवलं. पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे बंद करून उभी ठेवलेली गाडीसुद्धा शहराची हवा बिघडवत होती. पुढे कॅलिफोर्नियात १९७०च्या मॉडेलपासून आणि अमेरिकेत सर्वत्र १९७१च्या मॉडेलपासून ही वाफ अडवून धरणं सक्तीचं झालं.

अडवायची पद्धत सोपी आणि देखणी आहे. टाकीतली वाफ नळीवाटे कॅनिस्टरमध्ये जाते. त्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो. त्या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत वाफ धरून ठेवली जाते. इंजिन चालू झालं की योग्य वेळी पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाच्या ओढीने ताजी हवा व्हेंटच्या बाजूने कॅनिस्टरमध्ये शिरते आणि साठलेली वाफ सोबत घेऊन इंजिनात जाते. जी वाफ हवा नासवणार होती तीच जळून गाडीला पुढे नेते. पर्ज व्हॉल्व्ह एरवी बंद असतो आणि वीज मिळाली की उघडतो. व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो आणि वीज मिळाली की बंद होतो. या दोन वाक्यांचा पुढे मला फार उपयोग झाला, कारण दोष शोधताना प्रत्येक पायरीला पहिला प्रश्न हाच असतो की या क्षणी कुठलं दार उघडं असायला हवं आणि कुठलं बंद.

अमेरिकेत १९९६च्या सुमारास गाडीने स्वतःच ही यंत्रणा तपासायची असा नियम आला. आधी १ मिलिमीटर व्यासाच्या भोकाइतकी गळती ओळखायची, आणि २०००च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ०.५ मिलिमीटरची. १ मिलिमीटरच्या गळतीला सहसा पी०४४२, अर्ध्या मिलिमीटरच्या गळतीला पी०४५६ आणि मोठ्या गळतीला पी०४५५ असे कोड येतात. हे सगळे कोड गळती केवढी आहे ते सांगतात. ती टाकीला आहे, नळीला आहे की झाकणाला, यातलं काहीही सांगत नाहीत.

वेगवेगळ्या कंपन्या ही तपासणी वेगवेगळ्या पद्धतीने करतात. आमच्या गाडीत कॅनिस्टरला जोडून एक छोटा विजेचा पंप आहे. गाडी बंद केल्यावर साधारण ५ तासांनी संगणक आपोआप जागा होतो. पंप आधी अर्ध्या मिलिमीटरच्या एका ठरावीक भोकातून हवा ओढतो आणि दाब किती उतरला ते नोंदवतो. मग तो संपूर्ण टाकीतून हवा ओढतो. टाकीतला दाब त्या नोंदीपर्यंत उतरला नाही, तर कुठेतरी अर्ध्या मिलिमीटरहून मोठं भोक आहे. रात्री गॅरेजमध्ये गेलो तर कधी कधी गाडीच्या मागच्या बाजूने हा पंप घुमताना ऐकू यायचा. एकदा नापास झाल्यावर दिवा लगेच लागत नाही. लागोपाठ दोन तपासण्यांत दोष दिसला तरच लागतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा गळती दोनदा मोजली गेलेली होती. तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

मी सुरुवात झाकणापासून केली, कारण ते फुकटात तपासता येतं. न्यू जर्सीत १९४९च्या कायद्यामुळे गाडीवाल्याने स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. पंपावरचा माणूसच भरतो आणि झाकणही तोच लावतो. घाईत झाकण अर्धवट फिरवलं गेलं तरी गळतीचा कोड येऊ शकतो. आमचं झाकण टकटक वाजेपर्यंत घट्ट बसत होतं. रबरी सील मऊ होतं, त्याला चीर नव्हती, आणि ते ज्या कडेवर टेकतं ती कड स्वच्छ होती. झाकण जवळजवळ निर्दोष ठरलं. पक्का निकाल शेवटच्या चाचणीवर सोडून मी पुढे गेलो.

मग पर्ज व्हॉल्व्ह. आमच्या गाडीची तपासणी इंजिन बंद असताना होते, त्यामुळे हा व्हॉल्व्ह किंचित जरी सुटत असला तरी संगणकाला ती गळतीच वाटणार. मी व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला, कॅनिस्टरकडून येणारी नळी सोडवली आणि इंजिन सुरू करून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरलं. ओढ लागली नाही. पण अर्ध्या मिलिमीटरच्या बाबतीत बोटावर विसंबता येत नाही. व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावला. काटा चढवून ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिलो. काटा ढळला नाही. मल्टिमीटरवर कॉइलचा रोधही ठीक आला. १२ व्होल्ट दिल्यावर टक् असा आवाज होऊन व्हॉल्व्ह उघडला आणि काटा झर्रकन शून्यावर आला. बंद असताना पूर्ण बंद, उघडा असताना पूर्ण उघडा. पर्ज व्हॉल्व्ह निर्दोष सुटला.

त्यानंतर गाडी स्टँडवर घेऊन खालून नळ्या पाहिल्या. रबरी नळ्या वयाने कडक होतात आणि क्लिपच्या कडेला बारीक चिरतात. बॅटरीच्या उजेडात मी प्रत्येक नळी वाकवून, फिरवून तपासली. मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाचं झाकण असतं, त्याच्या सीलवरून नाक फिरवलं. वास नाही, ओल नाही. डोळ्यांनी आणि नाकाने कळण्यासारखं जे होतं ते संपलं. आता धुराची चाचणी हवी होती.

पॅटरसनला एक पेरूहून आलेले मेकॅनिक आहेत. साठीच्या पुढचे गृहस्थ, कामाला अतिशय चोख. मी तोवर काय काय तपासलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी गॅरेज बंद असताना गाडी घेऊन यायला सांगितलं. धुराच्या मशीनमध्ये खनिज तेल तापवून त्याचा पांढरा दाट धूर करतात आणि तो अगदी कमी दाबाने यंत्रणेत सोडतात. दाब साधारण अर्धा पीएसआय, त्याहून जास्त नाही, नाहीतर टाकीचे सील आणि सेन्सर बिघडतात. धूर ढकलायला त्यांनी नायट्रोजनचा सिलिंडर जोडला. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली आणि ठिणगी पडली तर काय होईल हे त्यांनी मला दोनदा समजावलं, आणि दोन्ही वेळा मी ते लक्ष देऊन ऐकलं. आपल्याकडे पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टपात दाबून बुडबुडे शोधतो. तत्त्व तेच, फक्त इथे पाण्याऐवजी धूर.

पर्ज व्हॉल्व्हच्या नळीतून धूर आत सोडायचा होता आणि व्हेंटची बाजू बंद ठेवायची होती. त्यांनी स्कॅनरवरून व्हेंट व्हॉल्व्हला बंद राहण्याचा आदेश दिला. ही पायरी विसरली तर सगळा धूर व्हेंटमधून बाहेर येतो आणि माणूस चांगल्या कॅनिस्टरला दोष देतो. मशीनवर काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते. प्रवाह चालू असेल तर ती वर तरंगते आणि गळती नसेल तर तळाला बसते. टाकी अर्धी रिकामी होती, त्यामुळे ती भरेपर्यंत गोळी बराच वेळ वरच राहिली. मग हळूहळू उतरली आणि तळाच्या थोडी वर येऊन थांबली. मशीनसोबत अर्ध्या मिलिमीटरचं एक मापाचं भोक येतं. ते लावून पाहिलं तर गोळी जवळपास त्याच उंचीवर आली. गाडीच्या संगणकाने जे सांगितलं होतं, तेच इथे एका वेगळ्या साधनाने सिद्ध झालं. मला त्या क्षणी फार समाधान वाटलं. दोन स्वतंत्र मोजमापं जुळली की पुढचं काम निर्धास्तपणे करता येतं.

धूर मात्र लगेच दिसला नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून येणारा धूर म्हणजे एक बारीक दोरा. वाऱ्याची झुळूक आली तरी तो मोडतो. शटर खाली ओढलं, पंखा बंद केला आणि प्रखर बॅटरी तिरपी धरून आम्ही गाडीभोवती फिरलो. शेवटी मागच्या बंपरच्या कोपऱ्यातून एक पुसट रेघ वर येताना दिसली. तिथे यंत्रणेचा एकही भाग नाही. मेकॅनिक म्हणाले, धूर जिथून बाहेर येतो तिथे गळती असेलच असं नाही, तो आतल्या पोकळीतून वाट काढत येतो. त्यांनी मागचं चाक काढलं आणि चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवलं. त्यामागे ओल्या चिखलाचा थर होता, आणि त्या थरात पेट्रोल भरायची लोखंडी नळी रुतलेली होती. चिखल ब्रशने काढताच गंजाचे पापुद्रे सुटले आणि धुराचा दोरा स्पष्ट दिसला. झाकणापासून वीतभर खाली, टाचणीच्या टोकाएवढी जागा.

कारण समोरच होतं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकाने उडवलेलं खारं पाणी त्या अस्तरामागे जातं, माती धरून ठेवतं आणि वर्षानुवर्षं लोखंड खात राहतं. बर्फाळ प्रांतातल्या जुन्या गाड्यांत पेट्रोल भरायची नळी गंजणं अगदी नेहमीचं आहे. कॅनिस्टर ठणठणीत होता. तो बदलला असता तर मोठा खर्च होऊन गळती जागच्या जागी राहिली असती. नवी नळी त्या कॅनिस्टरच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त पडली. ती बसवण्याआधी मी पोकळी धुऊन कोरडी केली आणि आतल्या बाजूला गंजरोधक मेण फवारलं. मग पुन्हा धूर सोडला. गोळी तळाला जाऊन बसली. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करणं मला दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिच्याशिवाय काम झालं असं म्हणता येत नाही.

कोड पुसला की दिवा विझतो, पण त्याबरोबर गाडीच्या सगळ्या स्वयंतपासण्यांची नोंदही पुसली जाते. सरकारी तपासणीत हे लगेच कळतं. २००१ आणि त्यानंतरच्या गाडीची एक तपासणी अपूर्ण असली तरी चालते, आणि सहसा सगळ्यात शेवटी पूर्ण होते ती वाफेच्या गळतीचीच. म्हणजे नियमाने मी ती पूर्ण होण्याआधीही गाडी नेऊन पास करून घेऊ शकलो असतो. मला ते करायचं नव्हतं. ज्या संगणकाने गळती पकडली, त्यानेच ती गेल्याचं सांगावं असं मला वाटत होतं. या तपासणीच्या अटी कडक असतात. टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको, बाहेर फार थंडी किंवा फार उकाडा नको, आणि गाडी कित्येक तास एका जागी उभी हवी. मी टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवली, संध्याकाळी गाडी लावल्यावर सकाळपर्यंत हलवली नाही, आणि रोज स्कॅनर लावून पाहत गेलो. एका सकाळी ती नोंद पूर्ण झालेली दिसली. स्कॅनरमध्ये चाचणीचा प्रत्यक्ष आकडा आणि त्याची मर्यादा शेजारी शेजारी वाचता येते. आकडा मर्यादेच्या खूप आत होता. त्यानंतर मी गाडी तपासणीला नेली आणि ती पास झाली.

ही गोष्ट ओळखीच्यांत पसरली आणि मला फोन येऊ लागले. एडिसनला राहणाऱ्या एका मित्राच्या गाडीला पी०४९६ आला होता आणि पेट्रोल भरल्यावर ती सुरू व्हायला कुरकुरायची. तिथे पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला निघाला. दुसऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या गाडीत पेट्रोल भरताना पंप सारखा बंद पडायचा. टाकीतली हवा बाहेर जायला वाट नसली की असं होतं, म्हणून मी त्यांना व्हेंटची बाजू पाहायला सांगितली. धुळीने फिल्टर तुंबला होता. या वाटेवर कोळीसुद्धा जाळं विणतात. २०११ मध्ये माझ्दाने उत्तर अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या होत्या. पिवळ्या रंगाच्या एका जातीच्या कोळ्याला पेट्रोलच्या वासाचं आकर्षण असतं, त्याच्या जाळ्याने व्हेंटची नळी बंद होऊन टाकीत व्हॅक्यूम साचायचा आणि टाकीला तडा जाण्याचा धोका होता. बारीक गळती, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह आणि तुंबलेली व्हेंटची बाजू: एकाच यंत्रणेचे हे तीन दोष आणि तिन्हींची लक्षणं वेगळी. लक्षण नीट ऐकून घेतलं तर अर्धा शोध तिथेच लागतो.

भारतात या ऐकून घेण्याला जास्तच महत्त्व आहे. तिथेही टाकीच्या वाफेवर मर्यादा आहे, कंपनीला मॉडेल मंजूर करून घेताना बंद कक्षातल्या चाचणीत ती २ ग्रॅमच्या आत दाखवावी लागते, आणि गाड्यांत कॅनिस्टर व पर्ज व्हॉल्व्ह असतात. पण युरोपच्या धर्तीवर आलेल्या बीएस-६च्या नियमांत गाडीने गळती मोजावी अशी सक्ती नाही. पर्ज व्हॉल्व्हची वायर अखंड आहे की नाही एवढं पाहिलं तरी पुरतं. त्यामुळे व्हॉल्व्ह यांत्रिकरीत्या अडकला तर दिवा लागेलच असं नाही.

सांगलीहून माझ्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा हेच घडलेलं होतं.

‘दादा, पेट्रोल भरलं की गाडी लगेच चालू होत नाही. तीन-चारदा सेल मारावा लागतो. ॲक्सिलरेटर दाबून धरला की मग घेते. बॅटरी बदलली, प्लग बदलले.’

‘आणि एरवी, पेट्रोल भरलेलं नसताना?’

‘एरवी एका सेलला.’

पेट्रोल भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर ती सगळी इंजिनात शिरते, मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते. ॲक्सिलरेटर दाबला की हवा वाढते आणि इंजिन धरतं. भावाने त्याच्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मी त्यांना व्हॉल्व्हचा कनेक्टर काढायला, नळी सोडवायला आणि इंजिन चालू ठेवून तोंडावर बोट धरायला सांगितलं. ‘साहेब, जोरात ओढतोय,’ ते म्हणाले. वीज नसताना ओढ लागायलाच नको होती. व्हॉल्व्ह बदलला आणि त्रास गेला. पंपावर ऑटो कट झाल्यावर आकडा पूर्ण करायला आणखी पेट्रोल भरून घेऊ नकोस, असंही मी भावाला सांगितलं. ते जास्तीचं पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये जाऊन कोळसा निकामी करू शकतं.

त्या मेकॅनिकनी नंतर स्वतःसाठी व्हॅक्यूमचा हातपंप विकत घेतला. पेट्रोल भरल्यावर अडणारी गाडी आली की ते बॅटरीला हात लावण्याआधी पर्ज व्हॉल्व्ह तपासतात, असं भाऊ सांगत होता. व्हॉल्व्ह चांगला निघाला तर तो आहे तसा परत बसवतात आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेत नाहीत.